विश्लेषण : ब्रिटिश सैनिकाच्या छातीवरचे पदक नेमके काय सांगते… आणि काय सांगत नाही?

जालना जिल्ह्यातील असई गावाजवळ २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली (पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन) याच्या फौजेने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला. त्या दिवशी लढलेल्या साध्या ब्रिटिश सैनिकाला या लढाईचे पदक केव्हा मंजूर झाले? १८५१ मध्ये. म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी. लढाईच्या वेळी जो २० वर्षांचा होता, तो तोवर ६८ वर्षांचा झाला होता. अर्थात, तो तोवर जिवंत असेल तर. कारण पदक मिळणार होते ते फक्त हयात असलेल्यांना, आणि तेही अर्ज केल्यावर.

अशी पदके आज लिलावात विकली जातात, संग्रहालयांच्या काचेआड ठेवली जातात आणि ‘आमच्या खापरपणजोबांचे शौर्य’ म्हणून अभिमानाने दाखवली जातात. त्यांच्या जोडीला आता सैनिकांच्या जुन्या सेवानोंदीही संगणकावर उपलब्ध झाल्या आहेत. पदक आणि कागद असे दोन्ही हाती आले की माणूस पूर्ण कळला, असा समज होतो. हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. महाराष्ट्रासाठी तर विशेष, कारण या पदकांवर इथल्या गावांची नावे कोरलेली आहेत.

मोहीम पदक म्हणजे शौर्यपदक का नव्हे?

सर्वाधिक घोटाळा होतो तो इथेच. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक ब्रिटिश पदके ही मोहिमेची पदके आहेत. अमुक युद्धात, अमुक लढाईत हा माणूस हजर होता, एवढेच ती सांगतात. तो पुढे धावला की मागे राहिला, जखमी झाला की दारूगोळ्याच्या गाडीजवळ बसून राहिला, याबद्दल पदक काहीही बोलत नाही. कॉलेजच्या भाषेत सांगायचे तर हे हजेरीचे प्रमाणपत्र आहे, गुणपत्रिका नव्हे.

साध्या सैनिकाच्या शौर्याची वेगळी दखल घेण्याची पद्धत ब्रिटिश लष्करात फार उशिरा आली. ‘डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल’ १८५४चे, तर ‘व्हिक्टोरिया क्रॉस’ १८५६चा. दोन्हींमागे क्रायमियाचे युद्ध होते. गंमत अशी की ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या हिंदी शिपायांसाठी ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ त्याआधीच, १८३७ मध्ये सुरू केला होता. व्हिक्टोरिया क्रॉसची दारे मात्र हिंदी शिपायांना थेट १९११ मध्ये उघडली.

हजेरीचे पदक सर्वांना द्यावे, हेसुद्धा सहज मान्य झाले नव्हते. नेपोलियनविरुद्धच्या स्पेन-पोर्तुगालमधील मोहिमांत वरिष्ठ अधिकाऱ्यांना सोन्याची पदके आणि क्रॉस मिळाले. शिपाईगड्याला काही नाही. १८१५च्या वॉटर्लूनंतर हे चित्र पहिल्यांदा बदलले. १८१६ मध्ये दिलेले वॉटर्लू पदक सेनापतीपासून साध्या सैनिकापर्यंत सर्वांना एकाच चांदीत आणि एकाच आकारात मिळाले. मृतांच्या वारसांनाही ते देण्यात आले. शिवाय पदकाच्या कडेवर यंत्राने प्रत्येकाचे नाव आणि पलटण ठोकलेली होती. आज दोनशे वर्षांनी एखाद्या पदकावरून नेमक्या माणसापर्यंत पोहोचता येते ते या कडेवरच्या नावामुळे. नाव नसते तर ते पदक म्हणजे चांदीची एक चकती.

वॉटर्लूवाल्यांना पदक मिळाले आणि त्याआधी स्पेनमध्ये सहा-सहा वर्षे झिजलेल्यांना नाही, ही ठसठस तीन दशके राहिली. ड्यूक ऑफ रिचमंड यांनी त्यासाठी दीर्घकाळ पाठपुरावा केला. खुद्द वेलिंग्टन त्याला अनुकूल नव्हता. अखेर १८४७ मध्ये ‘मिलिटरी जनरल सर्व्हिस मेडल’ मंजूर झाले. लढायांच्या नावांच्या २९ पट्ट्या ठरल्या आणि हयात असलेल्यांकडून अर्ज मागवण्यात आले. त्याच धर्तीवर, चार वर्षांनी, भारतातील जुन्या मोहिमांचा नंबर लागला.

मराठ्यांशी झालेल्या युद्धांचा या पदकाशी काय संबंध?

‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’ हे त्याचे नाव. मंजुरी १८५१ची, मोहिमा १८०३ ते १८२६ मधल्या. एका बाजूला राणी व्हिक्टोरिया, दुसऱ्या बाजूला बसलेली पंखधारी विजयदेवता, वर फिकट निळी रिबीन. या रिबिनीवर लढाईच्या नावाची धातूची पट्टी बसते, तिला इंग्रजीत ‘क्लास्प’ म्हणतात. या पदकाला एकूण २१ वेगवेगळ्या पट्ट्या आहेत.

या २१ पट्ट्यांची यादी नीट वाचली तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. नेपाळ, आवा (ब्रह्मदेश) आणि १८२६चे भरतपूर या तीन सोडल्या तर उरलेल्या १८ पट्ट्या दुसऱ्या आणि तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धातील आहेत. अलीगड, दिल्ली, लासवारी, डीग, असीरगड, महिदपूर ही नावे त्यात आहेत. आणि २१ पैकी १० पट्ट्यांवर आजच्या महाराष्ट्रातील ठिकाणे आहेत : असई, अकोला जिल्ह्यातील अडगाव, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड, खडकी, पुणे, सीताबर्डी, नागपूर आणि कोरेगाव. ठिकाणे आठ असूनही पट्ट्या दहा, कारण खडकी आणि पुणे या दोन्ही ठिकाणी लढलेल्यांना एकत्रित नावाची एकच पट्टी मिळाली, सीताबर्डी-नागपूरचेही तसेच. इंग्रजांच्या कानाला जसे ऐकू आले तसे स्पेलिंग झाले. अडगावचे ‘आर्गाम’ झाले आणि खडकीचे ‘कर्की’.

म्हणजे हे पदक नावाने भारताचे असले तरी मजकुराने ते मुख्यतः मराठी सत्तेच्या अस्ताचे पदक आहे. शाळेच्या पुस्तकात इंग्रज-मराठा युद्धांच्या तारखा पाठ करणाऱ्या पिढ्यांना हे पदक कधी दाखवले गेले नाही, ही खरे तर आश्चर्याची बाब आहे.

पट्ट्यांच्या यादीत काय नाही, तेही पाहण्यासारखे आहे. ऑगस्ट १८०३ मध्ये वेलस्लीने अहमदनगरचा किल्ला घेतला. दख्खनमधील मोहिमेची ती सुरुवात होती, पण अहमदनगरची पट्टी नाही. पदकावर खाली ‘१७९९–१८२६’ अशी वर्षे कोरली आहेत, पण १७९९ ते १८०२ या काळातील एकाही लढाईची पट्टी नाही. सरकारी कामकाजाची ही तऱ्हा वाचकांना अनोळखी वाटू नये.

जॉन शिपची गोष्ट का महत्त्वाची?

हजेरीचे पदकसुद्धा पूर्ण हजेरी सांगत नाही, हे समजून घ्यायचे तर जॉन शिप या सैनिकाचे आयुष्य पाहावे. इंग्लंडमधील सफोक परगण्यातल्या सॅक्समंडम येथील हा अनाथ मुलगा. १७९७ मध्ये, जेमतेम बारा-तेरा वर्षांचा असताना, तो २२व्या पायदळ पलटणीत भरती झाला. पुढे भारतात आला आणि डिसेंबर १८०४ मध्ये डीगच्या किल्ल्यावरील हल्ल्यात होता. त्यानंतर जनरल लेकने भरतपूरला वेढा घातला.

किल्ल्याच्या तटाला तोफांनी खिंडार पडले की त्यात सर्वात आधी घुसणारी मूठभर माणसांची तुकडी असे. ती बहुधा परत येत नसे. १८०५च्या जानेवारी-फेब्रुवारीत भरतपूरवर चार हल्ले झाले. त्यातील तीन हल्ल्यांत या पहिल्या तुकडीचे नेतृत्व शिपने केले. चारही हल्ले फसले. इंग्रजांचे सुमारे तीन हजार लोक मारले गेले किंवा जखमी झाले आणि किल्ला हाती आलाच नाही. शिपला मात्र लेकने साध्या सैनिकातून थेट अधिकारी केले.

पुढचा प्रवास चित्रपटाला शोभेल असा आहे. मायदेशी परतल्यावर कर्ज फेडण्यासाठी १८०८ मध्ये त्याने आपली अधिकारपदाची सनद विकली (त्या काळी ब्रिटिश लष्करात अधिकारपद रीतसर विकत घेता आणि विकता येत असे). हातात काही उरले नाही, तेव्हा पुन्हा साधा सैनिक म्हणून २४व्या लाइट ड्रॅगून्समध्ये भरती झाला, पुन्हा भारतात आला आणि १८१५ मध्ये दुसऱ्यांदा अधिकारी झाला. नेपाळ युद्धात लढला. नंतर हाथरसचा वेढा आणि मराठे-पेंढाऱ्यांविरुद्धच्या मोहिमेतही होता. १८२३ मध्ये घोड्यांच्या शर्यतीच्या व्यवहारातून वाद झाला, वरिष्ठाविरुद्ध लिहिल्याबद्दल कोलकात्याच्या फोर्ट विल्यममध्ये कोर्टमार्शल झाले. शेवटी सनद विकून बाहेर पडण्याची मुभा आणि कंपनीकडून वर्षाला ५० पौंड निवृत्तिवेतन. इंग्लंडमध्ये त्याने आठवणी लिहिल्या, लष्करातील फटक्यांच्या शिक्षेविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि २७ फेब्रुवारी १८३४ रोजी लिव्हरपूल येथे त्याचा मृत्यू झाला.

१८५१ मध्ये पदक जाहीर झाले तेव्हा शिपला जाऊन १७ वर्षे झाली होती. त्याला ते मिळाले नाही. पण तो जगला असता तरी काय मिळाले असते? डीगची पट्टी मिळाली असती, नेपाळची मिळाली असती. ज्या भरतपूरच्या खिंडारात तो तीनदा सर्वात पुढे होता, त्याची पट्टी मिळालीच नसती. यादीतील ‘भरतपूर’ हे १८२६चे आहे, म्हणजे किल्ला पडला तेव्हाचे. १८०५च्या फसलेल्या वेढ्याला पट्टी नाही.

हा अपवाद नव्हे, रिवाज होता. दुसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे ६६वी ब्रिटिश पलटण, बॉम्बे ग्रेनेडियर्स आणि जेकब्ज रायफल्स यांची अयूब खानाच्या फौजेने वाताहत केली. अफगाण पदकाला अली मशीद, पैवार कोतल, चारासिया, काबूल, अहमद खेल आणि कंदाहार अशा सहा पट्ट्या आहेत. मैवंदची पट्टी नाही. त्या पराभवातून वाचलेला ‘बॉबी’ नावाचा पलटणीचा कुत्रा मात्र इंग्लंडला पोहोचला, राणी व्हिक्टोरियाने वाचलेल्या सैनिकांसोबत त्याच्याही गळ्यात पदक बांधले. मैवंदच्या मैदानावर पडलेल्या मुंबई इलाख्यातील शिपायाच्या वाट्याला काय आले, हा प्रश्न त्या समारंभात कुणाला पडला असण्याची शक्यता कमीच.

सेवानोंदीत काय लिहिलेले असते?

पदकाची कडा नाव सांगते, पुढचे काम कागदाचे. लंडनजवळच्या क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात ‘डब्ल्यूओ ९७’ या क्रमांकाखाली साध्या सैनिकांची सेवाविषयक कागदपत्रे आहेत. ‘डब्ल्यूओ’ म्हणजे वॉर ऑफिस. पदक कुणाला दिले त्याच्या याद्या ‘डब्ल्यूओ १००’मध्ये आणि पलटणीचे हजेरीपट ‘डब्ल्यूओ १२’मध्ये. ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वतःच्या गोऱ्या पलटणींचे कागद वेगळे, ते ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत. भारतात लढलेला प्रत्येक गोरा सैनिक राजाच्या लष्करातलाच होता असे नाही. १८५८ मध्ये कंपनीचे राज्य संपेपर्यंत दोन वेगळी लष्करे होती, आणि शोध घेणारे अनेकजण नेमके चुकीच्या दफ्तरात वर्षे घालवतात.

निवृत्तीच्या कागदावर सैनिकाचे जन्मगाव, भरतीच्या वेळचे वय, मूळ धंदा, उंची, केसांचा आणि डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा असतात. मूळ धंद्याच्या रकान्यात वारंवार ‘मजूर’ किंवा ‘विणकर’ असते. कुठे किती वर्षे सेवा, त्यातील किती वर्षे ‘ईस्ट इंडिज’मध्ये, कोणती पदके, सदाचाराच्या किती फिती. शिवाय गुन्हेगारांच्या वहीत नाव किती वेळा आले, कोर्टमार्शल किती. आणि शेवटी लष्करातून कमी करण्याचे कारण : जखम, जुनाट हिवताप, अधू दृष्टी, की नुसते ‘झिजलेला’.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. हा कागद सैनिकाचे चरित्र लिहिण्यासाठी तयार झाला नव्हता. उंची आणि डोळ्यांचा रंग नोंदवला तो पळून गेल्यास ओळख पटावी आणि निवृत्तिवेतन दुसऱ्याच कुणी घेऊ नये म्हणून. सेवेची वर्षे मोजली ती रोजचे किती पेन्स द्यायचे हे ठरवण्यासाठी. हा हिशेबाचा कागद आहे. त्यामुळे माणूस कधी घाबरला, कुणाशी मैत्री झाली, खडकीच्या किंवा कामठीच्या छावणीत त्याने कुणाबरोबर संसार केला, हे त्यात सापडत नाही. मोजक्याच सैनिकांच्या बायकांना पलटणीच्या पटावर जागा असे. स्थानिक बायका तर चर्चच्या नोंदींतही अनेकदा बाप्तिस्म्यानंतर मिळालेल्या एकेरी नावानेच उरल्या आहेत. माहेरचे नाव नाही, गाव नाही.

‘ब्रिटिश’ या शब्दाचेही तसेच. १८३० मध्ये ब्रिटिश लष्करातील साध्या सैनिकांपैकी सुमारे ४२ टक्के आयरिश होते. ज्यांचा स्वतःचा देश इंग्रजांच्या टाचेखाली होता, ज्यांच्या घरात चूल पेटायची भ्रांत होती, असे तरुण पुण्या-नागपुरात साम्राज्याचे सैनिक म्हणून उभे होते. जन्मगावाच्या रकान्यातील कॉर्क, गॉलवे ही नावे वाचल्याशिवाय हे कळत नाही. या बाबतीत तरी सेवानोंद पदकापेक्षा प्रामाणिक ठरते.

मग या नोंदींवर कितपत विसंबावे?

१८८३ पूर्वीच्या ‘डब्ल्यूओ ९७’मध्ये प्रामुख्याने त्याच सैनिकांचे कागद आहेत जे निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडले. जो सेवेत असताना मेला, जो पळून गेला किंवा ज्याने पैसे भरून स्वतःला सोडवून घेतले, त्याचा कागद सहसा तिथे मिळत नाही.

संख्याशास्त्रात याला ‘सर्व्हायव्हरशिप बायस’ म्हणतात. वाचलेल्यांवरून सगळ्यांचे अनुमान काढण्याची चूक. दुसऱ्या महायुद्धात परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कुठे आहेत ते पाहून तिथे चिलखत लावण्याची कल्पना पुढे आली, तेव्हा अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने जी विमाने परतलीच नाहीत त्यांचा विचार करायला लावला, हे उदाहरण अभियांत्रिकीच्या वर्गात हमखास सांगितले जाते. सैनिकांच्या कागदांना ते तंतोतंत लागू पडते.

आणि न परतलेले थोडेथोडके नव्हते. भारतातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने १८६३च्या अहवालात इथल्या ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर दर हजारी ६९ असल्याचे नोंदवले. यातील बहुतांश मृत्यू रणांगणावरचे नव्हते. पटकी, हगवण, ताप, यकृताचे विकार आणि दारू. साधे गणित करून पाहता येते. दरवर्षी हजारातले ६९ हा दर कायम धरला तर दहा वर्षांनी निम्मेही उरत नाहीत आणि वीस वर्षांनी जेमतेम २४० उरतात. दीर्घ सेवा आणि सदाचाराचे पदक १८३० मध्ये सुरू झाले, तेव्हा पायदळातील सैनिकाला त्यासाठी २१ वर्षांची सेवा लागत होती. ‘सदाचार’ हा त्या पदकाच्या नावातला शब्द असला तरी पहिली अट यकृत शाबूत राहण्याची होती.

‘आर्मी ऑफ इंडिया’ पदके साधारण साडेचार हजारच दिली गेली. या सगळ्या लढायांत मिळून हजारो गोरे सैनिक आणि त्याहून कितीतरी अधिक हिंदी शिपाई लढले असताना हा आकडा एवढा लहान का, याचे उत्तर वर आले आहे. तरीही लिलावाच्या कॅटलॉगमध्ये ‘दुर्मीळ’ हा शब्द किमतीच्या अंगाने येतो. ही दुर्मीळता म्हणजे पदक जाहीर होईपर्यंत किती माणसे संपली त्याचे मोजमाप आहे, हे कुणी लिहीत नाही. लिहायला हवे.

हिंदी शिपायांचे काय?

कंपनीच्या हिंदी शिपायांनाही १८५१च्या पदकाचा हक्क होता. पण हक्क असणे वेगळे आणि तो मागता येणे वेगळे. पदकाची घोषणा लंडनच्या गॅझेटमध्ये झाली. १८१७-१८ मध्ये खडकी किंवा कोरेगावला लढलेला, आता साठी ओलांडून कोकणातल्या आपल्या गावी बसलेला शिपाई कुठून अर्ज करणार होता? गोऱ्या सैनिकाची जशी जन्मगाव ते डोळ्यांच्या रंगापर्यंतची नोंद मिळते, त्या तोडीची व्यक्तिगत कागदपत्रे साध्या शिपायाबाबत सहसा हाती लागत नाहीत.

विशेष म्हणजे कंपनीने पूर्वी हे वेगळ्या प्रकारे केले होते. १७८४ मधले ‘दख्खन पदक’ हे पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या काळातील मोहिमांसाठी हिंदी सैनिकांनाच दिलेले होते. दर्जानुसार सोन्याचे वा चांदीचे. त्यावर फारसी मजकूर होता. १७९९ मध्ये टिपू सुलतानाचा पाडाव झाल्यावर श्रीरंगपट्टणचे पदक पाच धातूंत काढले गेले. वरच्यांना सोने, खालच्यांना कथील. त्यावर वाघाला लोळवणारा सिंह आहे, मात्र कडेवर कुणाचेच नाव नाही. पुढे शतकाच्या शेवटी ब्रह्मदेशच्या मोहिमेपासून (१८८५–८७) आणखी एक विभागणी आली. लढणाऱ्यांना चांदीचे पदक आणि भिस्ती, डोलीवाले, झाडूवाले, हाकारे यांना तेच पदक ब्राँझचे. रणांगणावर पाणी पोहोचवणारा माणूस धातूनेच वेगळा ओळखू यावा, अशी ही सोय.

या पार्श्वभूमीवर कोरेगाव भीमाचा स्तंभ वेगळा दिसतो. १ जानेवारी १८१८च्या लढाईत कॅप्टन स्टाँटनच्या तुकडीत बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, पुण्याचे अनियमित घोडदळ आणि मद्रास तोफखान्याचे मोजके गोरे गोलंदाज होते. १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी झाली. त्यावर मृतांची ४९ नावे आहेत, त्यातील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. म्हणजे ती महार शिपायांची. लढाईला चार वर्षेही झाली नव्हती तेव्हा ज्या स्तंभाचे काम सुरू झाले, त्यावर मेलेल्या शिपायाला नाव मिळाले. पदकाने त्यानंतर तीस वर्षे घेतली आणि मेलेल्यांना वगळले. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या स्तंभाला भेट देण्यासाठी आले. या लढाईच्या अर्थाबद्दल आज कितीही वाद असोत, पुढच्या पिढ्यांना त्या मृतांशी नाते सांगता आले ते दगडावर नावे होती म्हणून. असईच्या माळावर पडलेल्या दोन्ही बाजूंच्या हिंदी सैनिकांना ती सोय नाही.

पदक खरे आहे, हे कसे ओळखतात?

बाजारात किंमत चढली की खोटेपणा येतोच. साध्या पट्टीच्या जागी दुर्मीळ लढाईची पट्टी बसवणे हा एक प्रकार. दुसरा म्हणजे कडेवरचे नाव घासून तिथे अधिक ‘मागणी’ असलेल्या पलटणीतील सैनिकाचे नाव कोरणे. हे पकडण्याचा जुना उपाय म्हणजे कॅलिपर. कडा घासली की व्यास किंचित कमी होतो. पदक साधारण ३६ मिलिमीटरचे असते, वेगवेगळ्या दिशांनी मोजल्यावर मापे जुळली नाहीत तर शंका घ्यावी. क्रायमियाचे पदक सैनिकांना नावाशिवायच दिले गेले होते आणि नंतर ते परत पाठवून नाव घालून घेता येत असे. त्यामुळे तिथे खरे-खोटे करणे आणखी कठीण.

भरवशाची रीत तीन ठिकाणे जुळवण्याची आहे. पदकाची यादी, सेवानोंद आणि पलटणीचा हजेरीपट. यातील हजेरीपट सर्वात कंटाळवाणा आणि सर्वात मोलाचा. माणूस लढाईच्या सुमारास पलटणीबरोबर होता, की मागे इस्पितळात, की कोठडीत, हे तिथे दिसते. शिवाय पटावर पळालेले, मेलेले आणि सुटून गेलेले असे सगळेच असतात, कारण पगार किंवा पगाराची कपात प्रत्येकाच्या नावे करावी लागे. संगणकावर सहज मिळणारे निवृत्तीचे कागद पाहून थांबणारे शोधकर्ते नेमके हेच दफ्तर टाळतात. संग्रहालयांनीही पदकाशेजारी ‘शूर सैनिक’ अशी पाटी लावण्याऐवजी त्याच पलटणीच्या पटाचे एक पान ठेवावे. असईला लढलेल्या ७४व्या पलटणीच्या पटावर सप्टेंबर १८०३ नंतर किती नावांपुढे ‘मृत’ लिहिले गेले, ते पाहणाऱ्याला स्वतः मोजता येईल.